आधी वही दाखव

'सर, हल्ली मोटिव्हेशनच राहिलं नाही. दोन शब्द सांगा ना,' असा तुझा मेसेज आला. रात्री एक वाजून गेल्यावर. दोन शब्द हवेत? ऊठ. लिही. झाले दोन. पुढचं ऐकायची तयारी असेल तर वाच, नाहीतर त्या फोनमध्ये गोड बोलणारे पुष्कळ आहेत, त्यांच्याकडं जा.

शाळेत गृहपाठ झाला नसला की तुझं पोट दुखायचं. आता तिशी उलटली, पोटदुखीच्या जागी मोटिव्हेशन आलं, एवढाच फरक. तेव्हा मी पोट दाबून बघायचो नाही, वही मागायचो. आजही तेच करणार आहे.

मागे पुण्यात आलो होतो तेव्हा नव्या पेठेतली तुझी अभ्यासिका बघितली. टेबलापुढच्या फळीवर चिकटवलेलं, चार रंगांच्या स्केचपेननं काढलेलं वेळापत्रक. पहाटे पाचला 'उठणे', पाच पाचला 'ध्यान'. त्याखाली कुण्या अधिकाऱ्याचा गाडीशेजारी उभा राहिलेला फोटो. लक्ष्मीकांतचं राज्यघटनेवरचं पुस्तक उघडलं तर पानंच्या पानं पिवळ्या हायलायटरनं रंगवलेली. अरे, ज्या पानावर सगळंच पिवळं, त्या पानावर काहीच पिवळं नसतं. महत्त्वाचं काय हे ठरवायचे कष्ट नकोत म्हणून तू सगळंच महत्त्वाचं ठरवून टाकलंस. मी म्हटलं, वही दाखव. तू नोट्स काढल्यास. कुठल्याशा क्लासच्या, झेरॉक्स केलेल्या, स्पायरल बाइंडिंगच्या, वर कुण्या दुसऱ्याचंच नाव. मी तुझ्या अक्षरातली वही मागितली होती. ती नव्हतीच. मग 'चला सर, चहा घेऊ' म्हणून तू मला टपरीवर नेलंस आणि तिथं तासभर कटऑफवर बोललास. फार सुंदर बोललास. कुठल्या वर्षी कुठल्या पदाचा कटऑफ किती, कुणाचे किती मार्कांनी हुकले, सगळं तोंडपाठ. मार्क तेवढे दुसऱ्यांचे होते.

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचं काही चुकत नाही असं मी म्हणत नाही. २०२१ च्या मार्चमध्ये १४ तारखेची पूर्वपरीक्षा तीन दिवसांवर आली असताना पुढं ढकलली, पोरं पुण्यात रस्त्यावर उतरली, आणि त्यांचं बरोबरच होतं. जाहिराती वेळेवर निघत नाहीत, निकाल लागला तरी नेमणुका अडकतात. या रागात मी तुझ्या बाजूनं आहे. पण २०२३ च्या आंदोलनाचं काय? राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक होणार असं आयोगानं २०२२ ला जाहीर केलं, लागू करायचं होतं २०२३ पासून. तुम्ही म्हणालात, आमचा सगळा अभ्यास पर्यायांचा, आम्हाला वेळ द्या. त्या थंडीत तूही बसला होतास रस्त्यावर, मला फोटो पाठवला होतास. मागणी मान्य झाली. नवी पद्धत २०२५ वर गेली. मला तेव्हा बरं वाटलं होतं. म्हटलं, पोरानं भांडून वेळ मिळवला, आता त्याचं सोनं करील.

त्या वेळात किती उत्तरं लिहिलीस? तुझ्या हातानं, घड्याळ लावून, कोऱ्या कागदावर?

नवी मुख्य परीक्षा नऊ पेपरांची आहे. मराठी आणि इंग्रजीत नुसतं पात्र व्हायचं, उरलेले सात पेपर प्रत्येकी २५० गुणांचे, म्हणजे १७५०. मुलाखत २७५. हे तू मला झोपेतून उठवलं तरी सांगशील. पण या १७५० पैकी एकही गुण गोल काळा करून मिळायचा नाही, प्रत्येक गुण लिहून मिळवायचा आहे. आणि तू काय केलंस? 'आन्सर रायटिंग कसं करावं' यावरचे व्हिडिओ बघितलेस. दीडपट वेगानं! एका टॉपरनं परिच्छेद पाडायला सांगितले, दुसऱ्यानं आकृत्या काढायला, तिसऱ्यानं काळं पेन वापरायला. तू पेन तेवढं आणलंस. 'सिलॅबस पूर्ण झाल्याशिवाय कसं लिहू' हे तुझं ठरलेलं उत्तर. सिलॅबस कधी कुणाचा पूर्ण झालाय? लिहायला बसल्यावरच कळतं की वाचलेल्यातलं निम्मं डोक्यात नाही. तेच तुला कळून घ्यायचं नाहीये. म्हणून वाचन चालू आहे.

मोटिव्हेशन आधी आणि काम मागून, हे तुला कुणी शिकवलं? मी तरी नाही. चुलीत लाकडं घालायची नाहीत, काडी ओढायची नाही आणि नुसती फुंकणी तोंडाला लावून बसायचं, असं तुझं चाललंय. त्या टॉपरांच्या भाषणानं तुझ्या अंगावर काटा येतो, हे खरं. मग तो काटा अंगावर असताना तू काय करतोस? दुसरं भाषण लावतोस.

आणि त्या भाषणांत सांगतात काय? 'मी प्लॅन बी ठेवलाच नव्हता.' टाळ्या! अरे, ज्याचा प्लॅन ए लागला तोच फेटा बांधून स्टेजवरून हे सांगू शकतो. ज्यानं प्लॅन बी ठेवला नाही आणि ज्याचा ए-ही गेला, त्याला सत्काराला कोण बोलावतं? केंद्राच्या २०२३ च्या नागरी सेवा परीक्षेचे आकडे बघ. पूर्वपरीक्षेला प्रत्यक्ष बसले ५ लाख ९२ हजारांवर, शेवटी शिफारस झाली १,०१६ जणांची. तू ऐकतोस ती भाषणं या हजारांतली. राहिलेल्या लाखांनी मेहनत केली नव्हती असं तुला वाटतं का? निम्म्यांनी तुझ्यापेक्षा नक्कीच जास्त केली असणार. म्हणजे मेहनत करूनही निकाल हातात नाही, अशा वाटेवर तू आहेस. मग जे हातात आहे ते तरी चोख नको का?

परवा फोनवर तू मला फाळक्यांचा दाखला दिलास. 'सर, दादासाहेब फाळक्यांनी त्रेचाळीस वर्षांचे असताना पहिला सिनेमा लावला. मी आत्ताच का घाबरू?' मला माहितीये हे कुठून आलं. तीस सेकंदांच्या रीलमधून. तीस सेकंदांत माणूस मावत नाही, म्हणून वय तेवढं ठेवलं आणि आयुष्य कापलं. ३ मे १९१३ ला गिरगावात कॉरोनेशन थिएटरला 'राजा हरिश्चंद्र' लागला तेव्हा फाळके त्रेचाळीसचे होते, बरोबर आहे. त्रेचाळीसपर्यंत ते अभ्यासिकेत बसले होते का? १८८५ ला जे. जे. कलाशाळा. मग बडोद्याचं कलाभवन. मग गोध्र्याला फोटोचा स्टुडिओ, आणि तिथं प्लेगमध्ये बायको गेली, मूल गेलं. तुझी प्री दोन मार्कांनी हुकली म्हणून तू पंधरा दिवस खोलीबाहेर पडला नव्हतास, आठवतंय? फाळके पुढं पुरातत्त्व खात्यात ड्राफ्ट्समन झाले. ते सोडून छापखाना काढला, रंगीत छपाई शिकायला जर्मनीला जाऊन आले. भागीदारांशी बिनसलं, तोही धंदा सुटला. सिनेमाचं वेड लागलं ते त्यानंतर, येशूच्या जीवनावरचा एक चित्रपट बघून. तोवर चित्र काढणं, फोटो, रसायनं, छपाई, यंत्र, हे सगळं हातात बसलेलं होतं आणि सिनेमाला नेमकं तेच लागत होतं. धंदे चार बदलले, पण कुठल्याच धंद्यातून हा माणूस रिकाम्या हातानं बाहेर पडला नाही.

आणि पुढचं ऐक, ते तर तुला कुणीच सांगितलं नसणार. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून फाळके १९१२ ला लंडनला गेले, सिनेमाचं तंत्र बघून आले, कॅमेरा मागवला. आता सिनेमा काढायचा तर पैसा हवा. पैसेवाल्यांना भाषण देऊन भागलं असतं का? त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले. समोर कॅमेरा रोवला. रोज एक चौकट, असं महिन्याहून जास्त दिवस. कोंब वर येतोय, पान उघडतंय, वेल चढतेय, अशी छोटीशी फिल्म तयार झाली. ती लोकांना दाखवली, आणि मग कर्ज द्यायला माणसं पुढं आली. घरातून दुसऱ्या बायकोनं, सरस्वतीबाईंनी, दागिने काढून दिले. त्या महिन्यात रोज सकाळी फाळक्यांना मोटिव्हेशन वाटत असेल का रे? कुंडीतल्या वाटाण्याकडं बघून? रोज एक चौकट घ्यायची होती, ती घेतली.

तुझा वाटाणा कुठंय? कुणाला दाखवावं असं तुझ्याकडं या इतक्या वर्षांतलं काय आहे?

बी.एस्सी. ॲग्री आहेस तू. ही डिग्री तू कपाटात ठेवून विसरलास. २०२३ च्या पावसाळ्यात तुमच्या सोयाबीनवर पिवळा मोझॅक आला. बापानं तुला फोन केला, 'पानं पिवळी पडाय लागलीत, काय मारू?' तू म्हणालास, 'दुकानदाराला विचारा, माझी टेस्ट आहे.' दुकानदारानं दोन हजारांचं बुरशीनाशक गळ्यात मारलं. मोझॅक हा विषाणूचा रोग. पांढरी माशी पसरवते. बुरशीनाशकानं त्याला काय होणार? रोगट झाडं दिसताक्षणी उपटायची आणि माशीचा बंदोबस्त करायचा, हे तू दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला परीक्षेत लिहून पास झालेला माणूस आहेस. दोन मिनिटांचं उत्तर होतं. आणि त्याच संध्याकाळी तू व्हॉट्सॲपला स्टेटस ठेवलं होतंस, शेतकऱ्याच्या पोरानं अधिकारी का व्हावं यावर. मी बघितलं होतं. राग आला होता, पण तेव्हा बोललो नाही, तुझी टेस्ट होती ना!

त्याच डिग्रीवर बँकांत कृषी अधिकाऱ्याची भरती निघायची. मी तुला जाहिरात पाठवली होती. 'बॅकअपला डोकं लावलं की फोकस जातो सर,' असं उत्तर आलं. खुल्या गटाला वयाची अट तिसाची. ते दार आता बंद झालं. तुझा फोकस आहे का जागेवर? राज्यसेवेला खुल्या गटासाठी ३८ पर्यंत मुभा आहे म्हणून तू निर्धास्त असतोस. अर्ज कधीपर्यंत भरता येतो ते सरकार सांगतं. तू कधीपर्यंत भरावास, हे तुझ्या घरचा सातबारा बघून तुला ठरवायचंय. ते कुठल्याही जाहिरातीत छापून येणार नाही.

तुझा बाप हल्ली बाजारात भेटतो. पूर्वी 'आमच्या साहेबांची परीक्षा जवळ आलीय' म्हणून स्वतः थांबवून सांगायचा. आता मीच विचारलं तर 'चाललंय त्याचं' म्हणतो आणि पिशवी या हातातून त्या हातात घेतो. तुला फोनवर तो काय विचारतो? जेवलास का, एवढंच ना? निकालाचं त्यानं कधीच सोडून दिलं. पैसे मात्र महिन्याच्या महिन्याला येतात. त्याला तुझी भीती वाटते. काही बोललं आणि पोरानं जिवाचं बरंवाईट केलं तर, या भीतीनं तो गप्प आहे. मी गप्प बसणार नाही, कारण तू इतका लेचापेचा नाहीस हे मला माहीत आहे. पण खरोखरच मन तसल्या काळोखात जात असेल, तर ही सगळी बोलणी बाजूला ठेव आणि आत्ता फोन कर. रात्रीचे एक असोत की तीन. मी उचलतो. मग आपण आधी डॉक्टरकडं जाऊ, आयोगाचं नंतर बघू.

तसं नसेल, नुसता आळसच असेल, तर सांगतो ते कर. परीक्षा सोड असं मी म्हणत नाही आणि धरून ठेव असंही म्हणत नाही. वही बघितल्याशिवाय मी कसं सांगू? तुलाही वही बघितल्याशिवाय कळणार नाही. दिशा दिशा म्हणून बोंबलतोस, पण निघालाच नाहीस तर दिशा कसली ठरवतोस?

दोनशे पानी वही आण. वेळापत्रकाचा कागद फाडून टाक, माझ्यासमोर फाडला असतास तर बरं वाटलं असतं. रोज एक उत्तर. दीडशे शब्द, दहा मिनिटं, पुस्तक मिटून, फोन दुसऱ्या खोलीत. भिकार होईल. होऊ दे. खाली तारीख टाक. दहा मिनिटांत तीनच ओळी झाल्या तर तीनच राहू देत, मागून भरायच्या नाहीत, मला अक्षरावरून कळतं. दिवसातले चार तास डिग्रीला धरून मिळेल ते काम बघ, कृषी सेवा केंद्र, माती परीक्षणाची लॅब, शेतकरी उत्पादक कंपनी, काहीही. पगार कमी म्हणून नाक मुरडू नकोस, आजवर तू उणे पगारावर आहेस. आणि अजून किती परीक्षा द्यायच्या तो आकडा ठरव, कागदावर लिही, आणि तो कागद बापाच्या हातात दे. मला दाखवू नकोस. त्याला दे.

पहिला प्रश्न मीच देतो. 'कोरडवाहू सोयाबीन उत्पादकाचे उत्पन्न हमीभाव असूनही अस्थिर का राहते?' याचं उत्तर गुगलवर शोधायचं नाही. घरी फोन करून विचारलंस तर चालेल.

वही भरत आली की पोस्टानं पाठव. फोटो काढून पाठवायचे नाहीत, मला त्या स्क्रीनवर लाल पेन चालवता येत नाही. आणि ती वही येईपर्यंत सकाळी सकाळी ते सूर्योदयाचं चित्र आणि सुविचार पाठवणं बंद कर, माझ्या फोनची जागा भरलीय.