जीर्णोद्धार की केवळ डागडुजी?

देवालयाची भिंत तडकते, गाभाऱ्यावरून पावसाचे पाणी झिरपू लागते, आणि मग एके दिवशी महाजनांची बैठक भरते. अशा बैठका ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना तेथील तीन मते पाठ असतात. एक जण म्हणतो, जुने आहे ते पवित्र आहे. गिलावा करा, कौले चाळून घ्या, पुढचे पुढची पिढी पाहील. दुसरा म्हणतो, सारे उतरवा आणि पायापासून नवे बांधा. तिसरा, बहुधा एखादा वृद्ध, एवढेच विचारतो की काम चालू असता देवाची नित्यपूजा कोठे होणार? पहिल्या दोघांचा वाद तासन्‌तास चालतो. वस्तुतः प्रश्नाचे मर्म तिसऱ्याने ओळखलेले असते.

आज आम्हांस ज्या वास्तूविषयी लिहावयाचे आहे ते देवालय नव्हे. ती एक अग्निशाळा आहे, आणि तीही फार दूरची, फिनलंड देशाच्या हेलसिंकी या राजधानीतील. तथापि तिच्या निमित्ताने जो प्रश्न उभा राहिला तो आमच्या वाचकांना परका वाटणार नाही. जी वस्तू जुनी झाली आहे, जिने आपल्याला दीर्घकाळ उपकृत केले आहे, परंतु जिच्यापासून इतरांस अपाय होतो हे आता कळून चुकले आहे, तिच्याशी आपण कसे वागावे?

हेलसिंकीत हिवाळा म्हणजे नुसती थंडी नव्हे. घर तापले नाही तर तेथे माणूस जगणेच कठीण. म्हणून त्या नगराने विसाव्या शतकाच्या मध्यापासून एक सामुदायिक व्यवस्था उभी केली. वीज निर्माण करताना जी उष्णता मागे उरते ती वाया न घालवता तिने पाणी तापवावयाचे, ते पाणी जमिनीखालच्या नळांतून घरोघर न्यावयाचे, आणि भिंतींना ऊब देऊन निवलेले पाणी पुन्हा केंद्रात आणावयाचे. आज त्या नगरातील सुमारे ९० टक्के इमारती या नळांवर तापतात. या व्यवस्थेचे दोन मोठे आधारस्तंभ म्हणजे १९७४ सालचे हानासारी आणि १९८४ सालचे साल्मिसारी, अशी दोन कोळशाची केंद्रे होती. हानासारीचा कोळशाचा काळा ढीग नगराच्या ऐन मध्यभागी, समुद्राच्या काठी, उघड्यावर पडलेला असे.

या पद्धतीचा गुण समजून घेतल्यावाचून तिचा दोष समजणार नाही. केवळ वीज निर्माण करणाऱ्या सामान्य कोळसा केंद्रात जळणातील उष्णतेचा तिसरा हिस्सा, फार तर ४० टक्के भाग, विजेच्या रूपाने हाती लागतो. बाकीची उष्णता धुराड्यावाटे व थंड करण्याच्या पाण्याबरोबर निघून जाते. चंद्रपूर अथवा कोराडी येथील ते कमरेशी निमुळते झालेले प्रचंड मनोरे ज्यांनी पाहिले असतील त्यांना त्यांच्या माथ्यावरचे पांढरे ढग आठवतील. तो धूर नव्हे. ती वाफेच्या रूपाने आकाशाला दिलेली उष्णता होय. हीच उष्णता घरांना दिली तर जळणाचा ८० ते ९० टक्के उपयोग होऊ शकतो. आपल्याकडे घरे तापविण्याची गरज नाही, परंतु हे तत्त्व आपल्याला अनोळखी नाही. कोल्हापूर वा बेळगाव भागातील साखर कारखान्यांत उसाचा चोथा जाळून वाफ करतात, ती वाफ आधी वीज देणारे चक्र फिरविते, आणि मग तीच वाफ रस आटविण्याच्या कामी येते. सहवीजनिर्मिती म्हणतात ती हीच. एकाच अग्नीकडून दोन कामे करून घेणे ही गृहिणीची जुनी रीत आहे. चुलीवरचा भात उतरला की वैलावर पाणी तापत असतेच.

अशी ही काटकसरी, शहाणी व्यवस्था. आणि नेमका येथेच पहिला नैतिक पेच आहे. काटकसर हा गुण खरा, पण काटकसरीने केलेले कर्म निर्दोष ठरतेच असे नाही. एक टन चांगला दगडी कोळसा जळला की हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन त्यापासून दोन टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड वायू उत्पन्न होतो. तो हेलसिंकीच्या सीमेवर थांबत नाही. त्याचा पुष्कळसा भाग शतकानुशतके वातावरणात राहतो आणि साऱ्या पृथ्वीचे तापमान वाढवितो. ऊब एका नगराला मिळते आणि ताप सर्वांना वाटला जातो. गंधक आणि राख पकडणारी साधने धुराड्यात बसविता येतात, बसविलीही गेली. परंतु त्यांनी हा वायू अडत नाही. तेव्हा व्यवस्था जितकी उत्तम तितके तिच्यातील दोषाकडे डोळेझाक करणे सोपे. नगरातला कोणी म्हणू शकत होता की आम्ही तर इतरांपेक्षा निम्मेच जळण वापरतो. हे विधान खरे होते. मात्र ते उत्तर नव्हते.

सन २०१५ मध्ये हेलसिंकीच्या नगरसभेपुढे तीन मार्ग होते. पहिला, व्होसारी येथे जैव इंधनावर चालणारे एक मोठे नवे केंद्र बांधावे. दुसरा, हानासारी व साल्मिसारी या जुन्या केंद्रांचेच नूतनीकरण करून त्यांत कोळशाबरोबर ४० टक्क्यांपर्यंत लाकडाच्या गोळ्या जाळाव्यात. तिसरा, हानासारी बंद करावे आणि त्याची जागा एका मोठ्या अग्नीने न घेता अनेक लहान लहान उष्णतास्रोतांनी घ्यावी. त्या वर्षीच्या डिसेंबरात नगरसभेने तिसरा मार्ग पत्करला आणि २०२४ संपण्यापूर्वी हानासारी बंद करण्याचे ठरविले.

आमच्या मते या तिन्हींतील दुसरा मार्ग सर्वांत मोहक होता, आणि म्हणूनच त्याचा विचार अधिक बारकाईने केला पाहिजे. जुनी वास्तू राहते, जुने कामगार राहतात, खर्च एकदम अंगावर येत नाही, आणि दोष थोडा कमीही होतो. याला सुधारणा कोण म्हणणार नाही? परंतु यंत्राच्या दुरुस्तीत आणि गिलाव्यात एक फरक आहे. दुरुस्तीला मोठा पैसा लागतो, आणि घातलेला पैसा परत मिळावयाचा तर ते यंत्र पुढे वीस-पंचवीस वर्षे चालावे लागते. म्हणजे आज केलेली डागडुजी हा उद्याच्या पिढीच्या नावाने केलेला एक करार असतो, आणि त्या करारावर तिची सही नसते. ४० टक्के लाकूड म्हणजे ६० टक्के कोळसा, आणि तोही आणखी पाव शतकभर! अपाय कमी करण्याच्या नावाखाली अपायाचे आयुष्य वाढविणे, असे या मार्गाचे खरे स्वरूप आम्हांस दिसते. जीर्णोद्धार आणि डागडुजी यांतील भेद हाच. डागडुजी जीर्ण वस्तूला टिकविते. जीर्णोद्धार त्या वस्तूत जे टिकवण्याजोगे होते त्याचा उद्धार करतो.

मग टिकवण्याजोगे काय होते? गोमंतकातील वाचकांना याचे उत्तर आपल्याच इतिहासात सापडेल. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलात देवळे मोडली जाऊ लागली तेव्हा मंगेश कुशस्थळीहून प्रियोळला आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला आली, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला आली. मूळ वास्तू मागे राहिल्या. पूजा, उत्सव, कुळांचे नाते आणि देवतेचा अधिवास मात्र सुटला नाही. तो संकटाचा प्रसंग होता आणि हा स्वेच्छेचा निर्णय आहे. दोहोंना एका तराजूत घालणे योग्य होणार नाही. तरीही देवस्थान म्हणजे केवळ चिरे आणि चुना नव्हे, हे आपल्या पूर्वजांनी त्या काळी ओळखले होते. हेलसिंकीतही नगराचे खरे धन भट्टीत नव्हते. ते घरोघर पोचलेल्या नळांत आणि ऊब ही सर्वांनी मिळून राखावयाची वस्तू आहे या समजुतीत होते. ते त्यांनी राखले.

कसे राखले हेही पाहण्यासारखे आहे. कात्री वाला या फिन्निश कवयित्रीचे नाव धारण करणाऱ्या उद्यानाखाली खडकात एक केंद्र आहे. ते २००६ पासून नगराच्या शुद्ध केलेल्या सांडपाण्यातील उष्णता मोठ्या यंत्रांनी खेचून घेते आणि ती घरांच्या नळांत परत देते. न्हाणीघरातून वाहून गेलेली ऊब अशी पुन्हा घरी येते. मुस्तिक्कामा बेटाखाली पूर्वी तेल साठविण्याची गुहा होती. २०२१ पासून तीत सुमारे २,६०,००० घनमीटर गरम पाण्याचा साठा होऊ लागला. अशी एकेक सोय उभी राहत गेली, आणि १ एप्रिल २०२३ रोजी, ठरल्या मुदतीच्या आधीच, हानासारी शांत झाले. दोन वर्षांनी, १ एप्रिल २०२५ रोजी, साल्मिसारीतील कोळशाचाही शेवट झाला. त्या दहा वर्षांत एकही हिवाळा नगरावाचून गेला नाही. नंदादीपाची वात संपत आली की पुजारी आधी नवी वात जुन्या ज्योतीवर पेटवून घेतो आणि मगच जुनी काढतो. बैठकीतील त्या वृद्धाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर हेच आहे. जो दोष दूर करण्याच्या उत्साहात लोकांची ऊब आधी काढून घेतो त्यालाही धर्म कळला असे म्हणता येणार नाही.

एवढ्यावर समाधान मानून थांबलो तर आम्ही आपलीच फसवणूक करू. हेलसिंकीतही सारे निर्दोष झालेले नाही. तेथे अजून लाकूड जळते, आणि लाकूड जाळणे निष्पाप आहे की नाही याविषयी जाणत्यांत मतभेद आहेत. तोडलेले झाड पुन्हा वाढेपर्यंत कित्येक वर्षे जातात. उष्णता खेचणाऱ्या यंत्रांना वीज लागते, आणि ती वीज कशी निर्माण झाली हा प्रश्न पुन्हा दाराशी येतोच. शिवाय ते नगर संपन्न आहे. ज्या गावाच्या तिजोरीत गिलाव्यापुरताच पैसा आहे त्याला पायापासून नवे बांधा असा उपदेश करणे म्हणजे उपाशी माणसाला पथ्य सांगण्यासारखे होय.

आणि आपण दूरच्या नगराची परीक्षा घेत असताना आपले अंगणही पाहिले पाहिजे. मुरगाव बंदरात उतरणारा कोळसा कर्नाटकातील पोलाद कारखान्यांकडे जातो, आणि वास्को परिसरातील रहिवासी घरात बसणाऱ्या काळ्या धुळीविषयी अनेक वर्षे गाऱ्हाणे मांडत आले आहेत. ते पोलाद आपल्या घराच्या सळ्यांत असते, कदाचित आपण बांधीत असलेल्या सभामंडपाच्या छतातही असते. तेव्हा धूळ कोणी उडविली या प्रश्नाबरोबर ती कोणासाठी उडाली हाही प्रश्न विचारला पाहिजे. दोषाचा वाटेकरी होऊन न्यायाधीशाच्या आसनावर बसता येत नाही. मात्र वाटेकरी असणे हे मौनाचेही कारण होऊ शकत नाही. उलट ज्याचा वाटा आहे त्यालाच बोलण्याचे कर्तव्य अधिक.

म्हणून आम्ही सर्वांना एकच मार्ग सांगत नाही. कोठे पुनर्रचना योग्य ठरेल, कोठे काही काळ दुरुस्तीवरच भागवावे लागेल. परंतु कोणतीही जुनी भट्टी, मग ती वीज केंद्राची असो वा गावच्या कारखान्याची, नव्याने सजविण्याआधी तीन गोष्टी स्पष्ट व्हाव्यात असे आम्हांस वाटते. हिच्यातून जे मिळते ते कोणाला मिळते? हिचा धूर कोण घेतो? आणि ही दुरुस्ती कोणत्या वर्षापर्यंत? पहिले दोन प्रश्न बहुतेक वेळा कोणी ना कोणी विचारतो. तिसरा राहून जातो, आणि तो राहून गेला की तात्पुरती म्हणून केलेली सोय कायमची होऊन बसते.

हेलसिंकीच्या नगरसभेने जे केले त्यात आम्हांस सर्वांत मोलाचे वाटते ते त्यांचे यंत्रकौशल्य नव्हे. त्यांनी ठरावात साल लिहिले, आणि ते साल उजाडण्यापूर्वी शब्द पाळला. आपल्या महाजनांच्या वहीत दुरुस्तीचे ठराव पुष्कळ असतात. खर्चाचे आकडे असतात, देणगीदारांची नावे असतात. पुढच्या बैठकीत एखाद्याने उठून एवढेच विचारावे की हा गिलावा किती वर्षांसाठी, आणि त्यानंतर काय? उत्तर सापडले तर ते साल ठरावात लिहून ठेवावे, आणि खाली सह्या कराव्यात.