विद्येचा पंक्तिप्रपंच

आपल्या मंदिराच्या वरच्या मजल्यावर विद्यार्थ्यांसाठी अभ्यासिका आहे, हे सभासद कुटुंबांस सांगावयास नको. सायंकाळी सहा ते रात्री नऊ ह्या वेळात तेथे दिवे, पंखे, पिण्याचे पाणी आणि शांतता ह्यांची सोय विनामूल्य केलेली आहे. गेल्या वार्षिक सभेत एका भगिनीने सहज विचारले, की वर्षभराच्या हजेरीपुस्तकात मुलींच्या सह्या किती? पुस्तक आणविले. ज्यांनी ते उघडले त्यांचा आवाज पाने उलटता उलटता मंदावत गेला. मुलींच्या सह्या बोटांवर मोजण्याजोग्या होत्या, आणि त्याही परीक्षेच्या दिवसांतल्या. तेव्हा व्यवस्थापकांच्या वतीने उत्तर देण्यात आले, की दार सर्वांस उघडे आहे. कोणी आले नाही तर त्यास संस्थेने काय करावे? हे उत्तर देणारे आम्हीच होतो. सभेने ते मानले आणि पुढचा विषय घेतला. परंतु घरी परतताना आमचेच शब्द आम्हांस टोचू लागले. आजचे लिखाण त्या टोचणीतून निघाले आहे.

सर्वांस सारखे दिले म्हणजे न्याय केला काय, असा हा प्रश्न आहे. तो सोडविण्यास फार दूर जावयास नको. आपल्या जेवणघरापर्यंत गेले तरी पुरे. पंक्तिप्रपंच हे आपल्याकडे पातक मानले आहे. एकाच्या पानावर तूप अधिक आणि शेजारच्याच्या पानावर कमी पडले, तर वडीलधारी माणसे आजही डोळे वटारतात. पण जी सर्वांस वाढीत राहिली, म्हणून शेवटच्या पंक्तीस बसली, आणि जिच्या वाट्यास निवलेला भात व तळाची आमटी आली, तिच्या पानावरही पदार्थ तितकेच पडले होते, एवढे म्हटल्याने प्रपंच नाहीसा होतो काय? आणि तिला 'तुला बसू नको असे कोणी म्हटले होते?' असे विचारणारास आपण काय म्हणू? अभ्यासिकेचे दार ह्याच अर्थाने उघडे होते. सहा ते नऊ ही वेळ आपल्या घरांत कोणाची असते ते आठवावे. पोळ्या त्याच वेळी, धाकट्या भावाचा गृहपाठ त्याच वेळी, आजीचे औषध आणि देवापुढचा दिवाही त्याच वेळी. आणि एवढ्यातून जी मुलगी येईल तिने रात्री नऊ वाजता एकटीने रस्त्याने परतावयाचे. केंद्र सरकारने २०२४ साली केलेल्या वेळवापराच्या पाहणीत, घरातले बिनमोबदल्याचे काम करणाऱ्यांपैकी स्त्रिया त्यापायी दिवसाकाठी सरासरी २८९ मिनिटे खर्च करतात आणि पुरुष ८८, असे आढळले. ही पाहणी वयाच्या सहाव्या वर्षापासूनच्या माणसांची आहे, म्हणजे पाटी हाती घेण्याच्या वयापासूनची.

असल्या चर्चेत कोणीतरी गार्गी आणि मैत्रेयी ह्यांची नावे घेतोच. जनकाच्या सभेत याज्ञवल्क्यास अडवून प्रश्न विचारणारी गार्गी आम्हांसही पूज्य आहे. पण ज्या बृहदारण्यक उपनिषदात ती भेटते, त्याच उपनिषदाच्या अखेरच्या अध्यायात आणखी एक स्थळ आहे, त्याची आठवण क्वचितच काढली जाते. आपल्यास पंडिता कन्या व्हावी असे ज्यास वाटते, त्या गृहस्थाने काय करावे, ते तेथे सांगितले आहे. मुलगी व्हावी, आणि ती विदुषी व्हावी, अशी इच्छा धरणारा बाप त्या ऋषीस असंभवनीय वाटला नाही, हे केवढे औदार्य! परंतु ह्याच स्थळी भाष्य करताना श्रीशंकराचार्यांनी म्हटले आहे, की कन्येचे हे पांडित्य घरच्या व्यवस्थेपुरतेच समजावयाचे, कारण वेदाचा अधिकार तिला नाही. आचार्यांविषयी आमचा आदर तिळमात्र उणा नाही, आणि ते आपल्या काळच्या अधिकारविचारास धरून बोलत होते हेही आम्ही जाणतो. तथापि मूळ वाक्यात तसा संकोच नाही. इच्छा पंडितेची होती. अर्थ लावता लावता ती स्वयंपाकघरापर्यंत आली. मुलींच्या शिक्षणाची पुढली पुष्कळशी कथा ह्या एका भाष्यात साठविलेली आहे, असे आम्हांस वाटते. देणारा हात उदार असतो, आणि मोजणारा हात तो दाबून धरतो.

आपण बडोदेकरांनी तर ह्याचे उदाहरण आपल्या घरचेच घ्यावे. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली गाव व आसपासची नऊ खेडी येथे सक्तीचे आणि मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले, आणि १९०६ साली ते साऱ्या राज्यास लागू केले. मुलींसही सक्ती होती, हे त्यातले मोठेपण. १९१० साली नामदार गोखल्यांनी कलकत्त्याच्या वरिष्ठ कायदेमंडळात सक्तीच्या शिक्षणाचा ठराव आणला, तेव्हा आरंभी ती मुलग्यांपुरतीच असावी, असे त्यांच्यासारख्या पुरुषासही म्हणावे लागले. ह्यावरून महाराज किती पुढे गेले होते ते ध्यानात येईल. आणि तरीही १९०६ च्या त्या कायद्यात मुलग्यांस सात ते बारा आणि मुलींस सात ते दहा, अशी वये घातली होती. दोन वर्षांचे अंतर! त्या काळी दहाव्या वर्षानंतर मुलीचे लग्न ठरे, घरात हात लागत, पालक कुरकुरत. कायद्याने त्या कुरकुरीस दोन वर्षे सोडून दिली. आम्ही महाराजांस दोष देत नाही. ज्याने पंधरवड्याची वाट तोडली, त्याने उरलेली दोन कोस का तोडली नाही, हे विचारण्याचा अधिकार घरी बसलेल्यांस नसतो. पण ती दोन वर्षे कोठे गेली, हे मात्र विचारलेच पाहिजे. ती घराने घेतली.

पुण्यातही तेच. १८४८ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले ह्यांनी मुलींची शाळा काढली, तेव्हा शेण आणि शिव्या त्यांच्या वाट्यास आल्या. पुढे १८८४ साली रानडे, भांडारकर आदि मंडळींनी मुलींचे हायस्कूल उघडले. त्यास शेणाचा विरोध झाला नाही. विरोध झाला तो वेळापत्रकास. अकरा ते पाच शाळा चालली तर मुलींनी घरकाम केव्हा शिकावे, सकाळी किंवा सायंकाळी तीन तास पुरेत, असे टिळकपक्षाच्या पत्रांनी लिहिले. लोकमान्यांविषयीच्या भक्तीने हे झाकण्याचे कारण नाही. त्यातली एक गोष्ट खरी होती: शाळेचा झगडा घड्याळाशी आहे, हे त्यांनी बरोबर ओळखले होते. आपल्या अभ्यासिकेच्या वेळा ठरविताना आमच्या तेवढेही ध्यानात आले नाही.

१९२७ च्या जानेवारीत पुण्यास अखिल भारतीय महिला परिषद प्रथम भरली, ती शिक्षणाच्या सुधारणेसाठीच. आणि तिच्या अध्यक्षस्थानी आपल्या महाराणी चिमणाबाईसाहेब होत्या. स्वातंत्र्यानंतर, मुलींस निराळा अभ्यासक्रम असावा की काय, हा वाद पुन्हा निघाला. त्याचा विचार करावयास नेमलेल्या समितीच्या अध्यक्षा हंसाबेन मेहता होत्या, ज्या १९४९ पासून आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कुलगुरू होत्या. केवळ स्त्रीपुरुषभेदावरून अभ्यासक्रम भिन्न असू नये, असा निर्णय समितीने दिला, आणि पुढे १९६४ ते १९६६ च्या कोठारी आयोगाने तो उचलून धरला. मानवी हक्कांच्या १९४८ च्या जाहीरनाम्यात सर्व 'पुरुष' जन्मतः स्वतंत्र आहेत असे इंग्रजी वाक्य येऊ घातले होते, तेथे सर्व 'मानव' हा शब्द आणविण्यास ह्याच बाई कारण झाल्या.

आता एक आक्षेप. कोणी म्हणेल, की हे सारे जुने झाले. १९५१ साली शंभरांत नऊ स्त्रियांसही अक्षरओळख नव्हती, २०११ च्या जनगणनेत ते प्रमाण ६४.६ वर आले, आणि आपल्याच गुणगौरव समारंभात पेढ्याचे पुडे मुलीच अधिक नेतात. खरे आहे, आणि आम्हांस त्याचा आनंद आहे. पण जी घरची कामे आटोपून रात्री अकराला पुस्तक उघडते, तिचे गुण भावापेक्षा अधिक आले, तर त्यावरून वाटणी न्याय्य होती असे ठरत नाही. तिची शक्ती मोठी होती एवढेच ठरते. शिवाय बारावीनंतर काय होते तेही पाहावे. मुलास दुसऱ्या गावी वसतिगृहात ठेवण्यासाठी कर्ज काढणारा बाप, मुलीस मात्र घरापासून जवळ जे महाविद्यालय असेल तेच उत्तम मानतो. दुष्टपणाने नव्हे, मायेनेच. माया मुलास दूर धाडते आणि मुलीस जवळ ठेवते, ह्याचा विचार मात्र तो करीत नाही.

वडील मंडळींचे आणखी एक म्हणणे आम्ही आदराने ऐकतो: मुलगी कितीही शिकली तरी तिला घर सांभाळता आले पाहिजे. आले पाहिजे यात संशय नाही. स्वयंपाकास हलके मानणारे आम्ही नव्हे. नैवेद्याचे ताट ज्याने मनापासून वाढले, तो त्यास हलके म्हणणार नाही. मग ही जर विद्या आहे, तर मुलग्यास तिच्यापासून वंचित का ठेवावे? आणि हे जर ओझे असेल, तर ते एकीच्याच डोक्यावर का? दोहोंपैकी कोणतेही उत्तर दिले तरी मुलग्यास पोळपाटापाशी यावे लागते, ही त्यातली गंमत. २०१९ साली महाराष्ट्रातील बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात भाजी निवडणारी आई आणि तिच्या जोडीस बसलेले वडील असे चित्र छापले. त्याची पुष्कळ वाहवा झाली. चित्राची वाहवा व्हावी लागते, ह्यातच घराची स्थिती आली.

असो. कार्यकारी मंडळापुढे आम्ही एक टिपण ठेवले आहे. अभ्यासिका दुपारी चार ते सात आणि रविवारी सकाळीही उघडी राहावी. सात वाजता मुलींस घरापर्यंत पोहोचविण्यास दोन सभासदांची पाळी असावी. आणि उत्सवाच्या दिवसांत भाजी चिरणे, पाने मांडणे, उष्टी काढणे ही कामे मुलींकडेच न जाता मुलग्यांच्याही नावे पाळीच्या पत्रकात लिहावी. पहिल्या दोन गोष्टींस कोणाचा विरोध नाही. तिसरीस आहे. मुलगे स्वयंपाकघरात वावरू लागले तर सोवळ्याचे काय, असे एका वृद्ध सभासदांनी विचारले आहे. आपल्या महाप्रसादाचे आचारी आजवर पुरुषच होते, हे त्यांस कळविण्यात आले आहे. त्यांचे उत्तर अद्याप आलेले नाही.