स्टेटसवर विमान, अर्जावर सही नाही

15 ऑगस्टला सकाळी माझ्या फोनवर जेवढी विमानं उडाली, तेवढी हिंडनच्या हवाई तळावरही उभी नसतील. राफेल, सुखोई, तीन रंगांच्या धुराच्या रेघा, आणि अर्थातच विंग कमांडर व्योमिका सिंग. 'ऑपरेशन सिंदूर'ची माहिती देताना देशानं त्यांना पाहिलं त्याला वर्ष उलटून गेलं, तरी आमच्या बीडच्या सुभाष रोडवरच्या निम्म्या दुकानदारांच्या स्टेटसवर त्यांची ड्यूटी काही संपत नाही. त्यातल्याच एका गृहस्थांनी त्याच आठवड्यात लेकीचा एनसीसीचा अर्ज अडवून धरला. मुलगी पुण्याला पहिल्या वर्षात. तिच्या कॉलेजात एअर विंग आहे. धावणं, मुलाखत सगळं पार करून नाव यादीत आलेलं, पालकांची सही तेवढी बाकी. तुम्ही जिचा फोटो लावलाय ती बाईही एनसीसीतूनच गेलीय, हे मी सांगून पाहिलं. "त्यांची गोष्ट वेगळी, सर," ते म्हणाले. "आपल्या लेकराचा अभ्यास बुडंल ना."

अभ्यास! आमच्या जिल्ह्यात अभ्यास ही फार नाजूक वस्तू आहे. मावसभावाच्या हळदीत डीजेपुढं रात्री 2 वाजेपर्यंत नाचल्यानं तो बुडत नाही. भाऊंच्या वाढदिवसाच्या मोटारसायकल रॅलीनं बुडत नाही, चौकात मध्यरात्री तलवारीनं केक कापल्यानं तर मुळीच नाही. बिंदुसरेच्या पुलाजवळ त्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागतो. त्यावर शुभेच्छुकांच्या खालच्या रांगेत आपला गॉगलवाला फोटो यावा म्हणून पोरगं चार दिवस वर्गणी गोळा करत हिंडतं, तेव्हाही बुडत नाही. निवडणुकीत पोरगं महिनाभर प्रचाराच्या गाडीवर असतं आणि बाप छाती काढून सांगतो, "साहेबांच्या जवळचा आहे." लातूरला खोली करून 'नीट'चा तिसरा प्रयत्न चालू असतो, हातातला मोबाइल काही खाली ठेवला जात नाही, तरी अभ्यास काठावर कोरडा ठणठणीत. तो बुडतो फक्त आठवड्यातल्या एकदोन परेडनी आणि दहा दिवसांच्या शिबिरानं.

ऊन लागेल, रंग उतरेल, उद्या लढाई पेटली तर सैन्यात ओढून नेतील, हेही बोलून झालं. नेत नाहीत. कॅडेटवर लष्करात जाण्याची कसलीही सक्ती नसते. आणि उन्हाचं म्हणाल, तर ऊसतोडीच्या जिल्ह्यात उन्हाची भीती कुणी कुणाला घालायची?

गृहस्थ व्यापारी, म्हणून मग हिशेबच मांडला. तीन वर्षं नेटानं केली, हजेरी आणि शिबिरं भरली, परीक्षा दिली तर 'सी' प्रमाणपत्र. एअर विंगचं 'सी' असेल तर हवाई दलाच्या फ्लाइंग शाखेत एनसीसीसाठी 10 टक्के जागा राखून असतात आणि लेखी परीक्षा टळते. पुढची निवड मंडळाची मुलाखत टळत नाही. वैमानिकाची अभियोग्यता चाचणी तर जन्मात एकदाच देता येते, आणि त्यानंतर वैद्यकीय तपासणी असतेच. म्हणजे बहुतेक जण गळतात. पोलीस भरतीत मात्र प्रमाणपत्राचे जादा गुण मिळतात. इथं गृहस्थांचा चेहरा जरा खुलला.

उड्डाणाबद्दलही खोटी आशा लावली नाही. मायक्रोलाइट म्हणून दोन जणांचं हलकं विमान असतं, त्यात प्रशिक्षकाशेजारी बसायचं. विमानं मोजकी, रांग लांब, ढग आले की सगळं बंद. कुणाला काही मिनिटं मिळतात, कुणाला तीही नाहीत. बाकीचा सगळा काळ जमिनीवर. हवामान, दिशा काढणं, इंजिनाची ओळख, नेमबाजी, आणि माझ्या आवडीचं एरोमॉडेलिंग. बाल्सा लाकडाच्या पट्ट्या ब्लेडनं कापायच्या, सँडपेपरनं घासायच्या, पंख चिकटवून नीट वाळू द्यायचे. मग दोन्ही पंखांखाली एकेक बोट लावून विमान तोलून बघायचं. शेपूट खाली गेली तर नाकाशी चिमूटभर वजन लावायचं. घाई केली तर फेकल्याबरोबर ते नाक खुपसतं, आणि कुणाचा फोन आला म्हणून वर राहत नाही. बीडच्या पोरांना ही शेवटची गोष्ट अठराव्या वर्षी हाताला कळावी, एवढ्यासाठीसुद्धा मी सही केली असती.

1946 मध्ये हृदयनाथ कुंझरूंची समिती बसली, 1948 मध्ये एनसीसी उभी राहिली, 1950 मध्ये एअर विंग आली. चीनच्या युद्धानंतर 1963 पासून कॉलेजात सगळ्यांनाच सक्ती झाली. ती पिढी परेड कशी चुकवली याच्याच गोष्टी आजही रंगवून सांगते. 1968 मध्ये सक्ती उठली ते बरं झालं. ही मुलगी कुणीही न ढकलता रांगेत उभी राहिली. आमच्याकडे माणसं सत्काराला जातात ती कुणाचा तरी निरोप आला म्हणून, आणि 11 चा सत्कार 1 वाजता सुरू होतो. परेडला 6.30 म्हणजे 6.30. आपण होऊन वेळेवर उभं राहायचं, बदल्यात काय मिळेल याची हमी नाही, ही सवय मला प्रमाणपत्राहून मोठी वाटते.

अर्थात तत्त्व फार ताणत नाही. निव्वळ जादा गुणांसाठी येणारे असतात, परेडनंतरच्या नाश्त्यासाठीही येतात. येऊ देत. भरतीसाठी पहाटे पाचला रस्त्यानं धावणारी आमची पोरंही नोकरीसाठीच धावतात, आणि ती धावतात म्हणून मला ती आवडतात.

इथल्या कॉलेजात दिसते ती खाकी आर्मी विंगची. एअर विंगच्या निळसर गणवेशासाठी पुणे, मुंबई किंवा नागपूर गाठावं लागतं. बीडला रेल्वेच आली ती 17 सप्टेंबर 2025 ला. विमानतळाचं आम्ही अजून भाषणात ऐकतो. या मुलीला विमान हाताच्या अंतरावर आलंय आणि बाप म्हणतो, "विचार करतो."

बीडमध्ये 'विचार करतो' म्हणजे काय, ते मला चांगलं कळतं. म्हणून वहिनींना निरोप धाडलाय, पालक म्हणून आईचीही सही चालते.