कोरा रकाना

अकोल्याच्या जुन्या शहरात, असदगडाच्या तटापासून हाकेच्या अंतरावर एक तालीम होती. तिथला वस्ताद म्हातारा होता. त्याची नजर मोठी पारखी, असं सगळा मोहल्ला म्हणे.

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी राजराजेश्वराच्या देवळात कावड जाते. आदल्या दिवशी पोरं गांधीग्रामला जातात, पूर्णा नदीचं पाणी भरतात आणि रातोरात १८ किलोमीटर अनवाणी चालत येतात. या तालमीची कावड १०१ भरण्यांची, म्हणजे पाण्याच्या भांड्यांची होती. एका भरण्यात पाच लिटर धरा. नुसतं पाणीच ५०० किलोच्या वर जातं. बांबू आणि भांडी वेगळी.

म्हणून खांदेकरी निवडावे लागत. नागपंचमीला पोरं तालमीत जमत. वस्ताद त्यांना ओळीनं उभं करी. मान पाही, मांड्या पाही, पाठीवर एक थाप मारी. मग लाल वहीत नावं लिहायला सांगे. पहिला, दुसरा, तिसरा, थेट चाळिसावा. पहिल्याला पुढचा खांदा आणि नवा दुपट्टा. वरचे चोवीस बांबूला. खालच्यांच्या हाती कंदील, दोर, पिण्याच्या पाण्याचे डबे.

वही लिहायला एका शिंप्याचा पोरगा होता. अक्षर मोत्यासारखं, अंग काडीसारखं. दरवर्षी चाळिसावं नाव तो स्वतःचंच लिही.

एका वर्षी एक उंचापुरा पोरगा आला. वस्तादानं थाप मारली आणि हात तसाच ठेवला. "असा खांदा म्या दहा वर्सांत पाह्यला नाही. लिही, पहिला."

शिंप्याच्या पोरानं लिहिलं. मग पट्टी घेतली आणि सगळ्या नावांपुढे एक उभी रेघ ओढली.

"हे कायले?"

"कोन कुठवर चालला, ते लिहीन."

"लिही," वस्ताद म्हणाला. "खुशाल लिही."

रविवारी मध्यरात्री कावड उठली. पावसानं रस्ता ओला होता, खडी पायाला टोचत होती. 'हर हर महादेव' झालं की चोवीस पावलं एकदम पडत. शिंप्याचा पोरगा कंदील घेऊन बाजूनं चालत होता. वही त्यानं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सदऱ्याच्या आत ठेवली होती.

जाड बांबू सहज वाकत नाही. तो उंच खांद्यावर टेकतो आणि बुटक्या खांद्यावरून सुटतो. हे दुरून दिसत नाही. पोरानं कंदील जवळ नेला, तेव्हा उंच पोराच्या मागच्या तिघांच्या खांद्यांच्या आणि बांबूच्या मधून बोटभर उजेड दिसला. ते तिघं नुसते हात लावून चालत होते. त्यांची त्यात लबाडी नव्हती. ओझं त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हतं.

चार किलोमीटरवर उंच पोराचा गुडघा दुमडला. दुपट्ट्याची घडी रक्तानं भिजली होती. "हाच का रे पहिला नंबर?" मागून कुणीतरी म्हणालं. तो रस्त्याच्या कडेला बसला. कावड पुढे गेली. दुसऱ्या दिवसापासून तो तालमीत आला नाही.

सोमवारी रात्री वस्तादानं वही मागवली. बोट फिरवत मोजलं. चोविसांतले सतरा जण शहरातल्या मोर्णा नदीच्या पुलावर खांदा देत पोचले होते.

"पाह्य. सतरा पोचले. खालच्या सोळांतला एक तरी पोचला का?"

"त्याहीच्यापुढं काहीच लिहिलं नाही, वस्ताद."

"काऊन?"

"त्याहीनं खांदाच देल्ला नाही. तुमी देऊ देल्ला असता, तर लिहिलं असतं."

वस्तादानं पान उलटलं, परत आणलं. खालचा सगळा रकाना कोरा होता.

"अन् हा पहिला? चारच किलोमीटर?"

"चारच. पन एकट्यानं चौघाचं ओझं नेलं."

वस्ताद बराच वेळ बोलला नाही. आखाड्यातला दिवा फडफडत होता. शेवटी त्यानं वही मिटली.

"उभ्या पोराचा खांदा म्या तोलत होतो," तो म्हणाला. "खांदा चालतानी समजते."

दुसऱ्या दिवशी तो डाबकी रोडवर उंच पोराच्या घरी गेला. पोरगा बाहेर येईना. वस्ताद ओट्यावर बसून राहिला. दुपारी पोरगा पाण्याचा तांब्या घेऊन आला. "माही चूक होती, बापा," वस्ताद म्हणाला. "तुही नव्हती."

पुढल्या नागपंचमीला कुणाची मान पाहिली नाही की पाठीवर थाप पडली नाही. वस्तादानं चाळीसही पोरं उंचीनं जुळवली. उंचाशेजारी उंच, ठेंगण्याशेजारी ठेंगणा. भांडी भरली आणि तटाच्या बाजूनं फेऱ्या सुरू झाल्या. खांदे बदलत बदलत सगळ्यांना बांबूखाली जावं लागलं. काडीसारख्या अंगाचा शिंप्याचा पोरगाही गेला. दुसऱ्या फेरीत त्याचे पाय लटपटले, तिसऱ्या फेरीत लय सापडली.

संध्याकाळी त्यानं नवी वही उघडली.

"नंबर कसे लिहू, वस्ताद?"

"नंबर नको. नुसती नावं लिही."

"मंग आंधी कोनाचं?"

"सकाई जो आंधी दारात आला, त्याचं."

सकाळी सगळ्यांच्या आधी तोच आला होता, आखाड्याची माती भुसभुशीत करायला. त्यानं पहिल्या ओळीवर स्वतःचं नाव लिहिलं. उभी रेघ ओढली. पुढची जागा कोरी ठेवली आणि दुसऱ्याचं नाव विचारलं.