चूक ऐकण्याचं शिक्षण

‘माझा’ आणि ‘माझी’ हे दोन शब्द एकापाठोपाठ जरा मोठ्याने म्हणून पाहा. ‘माझा’ म्हणताना जिभेचं टोक वरच्या दातांच्या मुळाशी जातं. ‘माझी’ म्हणताना जीभ मागे सरकून टाळूला भिडते. अक्षर एकच, ध्वनी मात्र दोन. ‘चमचा’चं ‘चमचे’ करताना शेवटच्या च चंही हेच होतं. बोलायला लागल्यापासून आपण हे बिनचूक करत आलो आहोत आणि ते आपल्याला कोणीही शिकवलेलं नाही. लिपीत हा फरक दिसत नाही, म्हणून शाळेत त्याचा विषय सहसा निघत नाही.

पण वर्गात हिंदी बोलणाऱ्या घरातला मुलगा येतो आणि ‘चाक’मधला च ‘चंद्र’मधल्या च सारखा उच्चारतो. मुलं हसतात, बाई सुधारून सांगतात, तो पुन्हा तसंच म्हणतो. त्याने विचारलं, ‘बाई, कुठे कोणता च म्हणायचा?’ तर उत्तर काय द्यायचं? उत्तर आहे. पुढे इ, ई, ए किंवा य आला की च तालव्य होतो: चिमणी, चेंडू. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्दही तालव्यच: चंद्र, चरण. बाकीच्या घरगुती शब्दांत बहुधा दंततालव्य: चाक, चूल, चोर. ‘चार’, ‘चहा’ असे काही शब्द तेवढे वेगळे लक्षात ठेवायचे. पाच मिनिटांत सांगून होईल एवढंच हे आहे. पण ते सांगायला बाईंना स्वतःच्या तोंडात काय चाललं आहे हे कधीतरी कोणी दाखवून दिलेलं असलं पाहिजे.

ते दाखवून देणारा विषय म्हणजे भाषाविज्ञान. एम.ए. मराठीला बहुतेक ठिकाणी त्याचा एखादा पेपर असतो. कविता-कादंबरीच्या ओढीने आलेले विद्यार्थी त्याला घाबरतात, स्वनिम आणि रूपिमाच्या व्याख्या पाठ करतात, पेपर टाकतात आणि सुटल्याचा निःश्वास सोडतात. यातलेच कित्येक जण पुढे भाषेचे शिक्षक होतात. माझं स्पष्ट मत आहे की वर्गात उभं राहणाऱ्या माणसाला त्या दोन वर्षांत याहून कामाचं दुसरं काही मिळत नाही, आणि नेमकं तेच आपण गाइडमधून उरकतो.

मूल भाषा कशी शिकतं, हा या विषयातला मला सगळ्यांत श्रीमंत वाटणारा भाग. 1958 साली जीन बर्को या अमेरिकन संशोधक बाईंनी लहान मुलांना एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवलं. त्याचं नाव ठेवलं ‘वग’. मग तसे दोन प्राणी दाखवून विचारलं, आता हे काय आहेत? मुलांनी इंग्रजीच्या नियमाप्रमाणे ‘वग्ज’ असं अनेकवचन करून दाखवलं. हा शब्द त्यांनी कधीच ऐकलेला नव्हता, तेव्हा पाठ करण्याचा प्रश्नच नव्हता. मराठीत हे घरी करून पाहता येतं. पाच-सहा वर्षांच्या मुलाला कागदावर काहीतरी विचित्र काढून दाखवा आणि म्हणा, ‘हा टिबडा. आता असे दोन काढले. हे दोन...?’ ते ‘टिबडे’ म्हणेल. ‘त्याला खाऊ दे’ म्हटलं तर ‘टिबड्याला’ देईल. ‘टिबडाला’ म्हणणार नाही. सामान्यरूप हा शब्द त्याच्या कानावरून गेलेला नाही, पण सामान्यरूपाचा नियम त्याच्या जिभेवर आहे.

म्हणूनच तीन वर्षांची मुलगी ‘मी करलं’ म्हणते तेव्हा ती अडाणीपणाने बोलत नसते. मारलं, धरलं, भरलं, तसं करलं. तिने नियम शोधून काढला आहे आणि तो इमानाने लावला आहे. ‘केलं’ हा अपवाद तिच्यापर्यंत अजून पोचलेला नाही, एवढंच. घरात आपण अशा बोलण्याचं कौतुक करतो. वर्गात मात्र त्याच जातीच्या चुकीवर लाल रेघ ओढतो. असं का, हे मला कधी कळलेलं नाही.

पिट कॉर्डर या ब्रिटिश अभ्यासकाने 1967 साली नेमका याच जागी बोट ठेवणारा लेख लिहिला. शिकणाऱ्याच्या चुका ही घाण नव्हे, त्याच्या मनात भाषेचा कोणता नमुना तयार झाला आहे याचा तो पुरावा आहे, असा त्याचा मुद्दा. आपल्या वर्गांत असा पुरावा रोज समोर येतो. मराठी मुलगा हिंदीच्या तासाला ‘मैं आम खाया’ म्हणतो. ‘ने विसरलास’ म्हणून त्याला बसवलं जातं. तो विसरलेला नसतो. मराठीत ‘त्याने खाल्ला’, ‘तिने खाल्ला’, पण ‘मी खाल्ला’, ‘तू खाल्लास’. मी आणि तू यांना तिथे ने लागतच नाही. हा मुलगा मराठीचा पक्का नियम हिंदीत लावतो आहे. उलट बाजूने हिंदी घरातली मुलगी ‘मीने आंबा खाल्ला’ म्हणते, तेव्हा तीही तिच्या भाषेला धरूनच चाललेली असते. दोघांना सांगायचं वाक्य वेगळं आहे, आणि ते फक्त दोन्ही भाषांची घडण शेजारी ठेवून पाहिलेला शिक्षकच सांगू शकतो. ‘माझी पुस्तक’ हेही तसंच. हिंदीत नपुंसकलिंग नाही, मग ते मूल ‘माझं’ आणणार कुठून? त्याला आधी तिसरं घर आहे हे कळायला हवं.

सगळ्यांत मोठा अन्याय होतो तो बोलीतून येणाऱ्या मुलांवर. वऱ्हाड-खानदेशातलं मूल ‘डोळा’ला ‘डोया’ म्हणतं, ‘केळी’ला ‘केयी’. शिक्षक म्हणतात, जीभ वळत नाही, उच्चार अशुद्ध. जरा कान देऊन ऐका. ते मूल ‘लाल’ला ‘याय’ म्हणत नाही. ल जिथे आहे तिथे ल, आणि जिथे ळ अपेक्षित आहे तिथे य. ज्याची जीभ वळत नसती त्याच्याकडून असा हिशोब पाळला गेला नसता. हा त्याच्या बोलीचा नियम आहे, आणि त्याच्या आजीनेही तो तसाच पाळला. प्रमाण मराठी त्याला शिकवायलाच हवी. परीक्षा, नोकरी, छापील मजकूर यांची ती भाषा आहे आणि तिच्यापासून त्याला दूर ठेवणं हा दुसरा अन्याय ठरेल. पण ‘तुझं चुकीचं आहे’ असं ऐकून ती शिकणं वेगळं, आणि ‘घरी डोया, वहीत डोळा’ असं समजून शिकणं वेगळं. पहिल्या वाटेने गेलेली कितीतरी मुलं वर्गात तोंड उघडायचीच बंद होतात.

मेळघाटात कोरकू बोलणारी मुलं पहिलीत येतात. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा. तिथे नामांची वाटणी सजीव आणि निर्जीव अशी आहे. गडचिरोलीकडची गोंडी द्राविड कुळातली. तिच्यात एका बाजूला पुरुषवाचक नामं आणि दुसऱ्या बाजूला उरलेली सगळी. या मुलांसमोर आपण एकदम ‘तो, ती, ते’ ठेवतो आणि खुर्ची ती का, टेबल ते का, हे त्यांनी आपोआप ओळखावं अशी अपेक्षा करतो. मुंबई-पुण्यातही चित्र बदललं आहे. 2020 च्या कायद्याने राज्यातल्या सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. घरात मराठी नसलेली असंख्य मुलं मराठीच्या तासाला बसू लागली. त्यांना मराठी परकी भाषा म्हणून शिकवावी लागते, आणि त्यासाठी संतकाव्याचा रसास्वाद उत्तम येणं पुरत नाही. 2024 च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आनंदच आहे. पण नव्याने मराठी शिकणाऱ्या मुलाला भाषा कळते ती त्याच्या वर्गावरच्या शिक्षकाकडून.

हे ज्ञान परदेशातून मागवायचं आहे असंही नाही. दादोबा पांडुरंगांचं व्याकरण 1836 चं, दामल्यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ 1911 चं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञानाची मोठी परंपरा उभी राहिली आणि अशोक केळकर तिथेच शिकवत होते. ना. गो. कालेलकरांच्या ‘भाषा: इतिहास आणि भूगोल’ या पुस्तकाला 1967 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आणि त्यांची भाषा कोणत्याही सुजाण वाचकाला पेलेल अशी आहे. पुस्तकं ग्रंथालयात आहेत, शिक्षकांच्या खोलीत नाहीत.

भाषाविज्ञान शिकलं की आपोआप चांगलं शिकवता येतं, असं मी म्हणणार नाही. माया, चिकाटी, गोष्ट रंगवून सांगण्याची हातोटी या गोष्टी कोणत्याही पेपरात मिळत नाहीत. पण मूल जे बोललं ते का बोललं, हा प्रश्न शिक्षकाच्या मनात उभा करण्याचं काम हा विषय करतो.

तेव्हा बी.एड. आणि डी.एड.चे अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: प्रत्येक भाषाशिक्षकासाठी भाषाविज्ञानाचा प्राथमिक पेपर सक्तीचा करा, आणि तो व्याख्या पाठ करून सुटेल असा ठेवू नका. विद्यार्थी-शिक्षकांना सरावपाठाच्या शाळेत मुलांच्या पन्नास चुका टिपायला सांगा, त्यांची गटवारी करायला लावा, प्रत्येक गटामागचा नियम शोधायला लावा आणि त्यावर गुण द्या. जे आज शिकवत आहेत त्यांनी अभ्यासक्रम बदलण्याची वाट पाहू नये. एक वही करा. वर्गात कानावर पडलेली चूक तिच्यात लिहा, शेजारी मुलाची घरची भाषा लिहा, आणि ती सुधारण्याआधी त्या मुलाला एकदा विचारा, ‘तुमच्या घरी हे कसं म्हणतात?’