मोजणीबाहेरची मिळकत

लंडनमध्ये विमा सल्लागाराच्या व्यवसायात माझी बरीच वर्षे गेली. परंतु गेल्या मार्चमध्ये, चेल्टनमच्या शर्यती संपून आठवडा लोटला नाही तोच, माझ्या भाच्याने जो अर्ज माझ्यापुढे आणून ठेवला, त्याने मला जितके अस्वस्थ केले तितके कोणत्याही परक्या विमेदाराच्या प्रकरणाने केले नव्हते. सात वर्षांपूर्वी त्याने संगणकाची नोकरी सोडली, आणि तेव्हापासून घोड्यांवर पैसे लावून होणाऱ्या प्राप्तीवर त्याचा, पत्नीचा आणि दोन मुलांचा चरितार्थ चालतो. आजाराने वा अपघाताने काम थांबले तर दरमहा ठरावीक रक्कम देणारा उत्पन्न-संरक्षण विमा त्याला हवा होता. व्यवसायाचा रकाना मात्र कोराच होता.

"मामा, इथे काय लिहू?"

"जे करतोस ते."

"ते लिहिले की कंपनी करविवरणपत्र मागणार. माझ्याजवळ ते नाही. मी काही लपवले म्हणून नव्हे, सरकारने ते कधी मागितलेच नाही म्हणून."

त्याचे म्हणणे खरे होते. १९२५ सालच्या 'ग्रॅहम विरुद्ध ग्रीन' या खटल्यात न्यायमूर्ती रोलॅट यांनी असा निर्णय दिला की, घरी बसून शर्यतींवर पैसे लावणे हाच ज्याचा उपजीविकेचा एकमेव मार्ग आहे त्याच्याही प्राप्तीवर आयकर बसत नाही, कारण पैज लावणे हा नित्याचा परिपाठ झाला तरी तो व्यापार ठरत नाही. पैजा घेणारा बुकमेकर तेवढा व्यापारी, आणि म्हणून करास पात्र. उलट हा विमा साधारणतः कमावलेल्या उत्पन्नाच्या निम्म्यापासून दोन तृतीयांशापर्यंतच रक्कम देतो, आणि स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्याच्या बाबतीत त्या उत्पन्नाचा प्रमुख दाखला म्हणजे करखात्याकडील दस्तऐवज.

"मी पहाटे पाचला उठतो," तो म्हणाला, "मैदानाची ओल, घोड्यावरचे वजन, जॉकीची मागची कामगिरी हे सारे पडताळतो, आणि प्रत्येक पैजेची नोंद वहीत करतो. हे श्रम नव्हेत?"

"श्रम आहेतच. पण शिक्षक अंथरुणाला खिळला की त्याचा पगार किती बुडाला हे कोणीही सांगेल. तू अंथरुणाला खिळलास त्या महिन्यात तुझे पैसे बुडाले की वाचले, हे कोणी सांगावे?"

"सात वर्षांची सरासरी सांगेल. रत्नागिरीच्या आंब्याची प्राप्तीही मोहरावरच ठरते ना? त्याचा विमा उतरवतातच की."

"आंबेवाला वारा निर्माण करीत नाही, बाळा. १७७४ साली इथल्या पार्लमेंटने जो कायदा केला त्याचा गाभा हाच होता. नामांकित माणसे अमुक दिवस जगतील की नाही यावर त्यांच्याशी कसलाही संबंध नसलेले लोक पॉलिशा काढीत. तेव्हा कायद्याने ठरवले की, ज्या घटनेत तुझा हितसंबंध नाही तिचा विमा तुला उतरवता येणार नाही. आधीपासून असलेली जोखीम वाटून घेणे तो विमा. मुद्दाम निर्माण केलेली जोखीम तो जुगार."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "पैजेची जोखीम मी निर्माण करतो, कबूल. पण माझ्या पाठीचा मणका सरकला तर ती जोखीम मी निर्माण केलेली नसेल. मी हरण्याचा विमा मागतच नाही, मामा. मी पाठीचा मागतो."

या युक्तिवादाला माझ्याजवळ उत्तर नव्हते, आणि आजही नाही. पडल्या पडल्याही मनुष्य फोनवरून पैज लावू शकतो, मग त्याचे काम थांबले हे ठरवावे कसे, ही कंपनीची शंका मी त्याला सांगितली. पण लेखकाबद्दलही तीच शंका घेता येईल, हे बोलता बोलता माझे मलाच उमगले. गंभीर आजारांचा विमा काढ, असे मी सुचवले, कारण कर्करोगाचे वा हृदयविकाराचे निदान होताच मिळणाऱ्या त्या एकरकमी पैशाचे मोजमाप उत्पन्नावरून होत नाही. परंतु त्या यादीत साधी पाठदुखी नसते आणि मनाचे खचणेही नसते. माणसाला महिनोन्महिने घरी बसवतात ती बहुधा हीच दुखणी.

"जुनाच धंदा लिहिला तर? संगणक सल्लागार."

"नाही. जाणूनबुजून खोटे लिहिलेस तर २०१२ च्या कायद्याप्रमाणे कंपनी पॉलिसी रद्द करील, दावा नाकारील आणि भरलेले हप्तेही बहुधा ठेवून घेईल. आणि हे सारे उघडकीस येईल ते तू अंथरुणात असताना, तुझ्या बायकोपुढे."

"मग मला कर भरू द्या! मी भरायला तयार आहे."

"तुझी प्राप्ती व्यापार म्हणून मोजायची, तर हरणाऱ्यांचा तोटाही त्यांच्या हिशेबातून वजा करू द्यावा लागेल; आणि हरणारेच फार. तुला मिळालेल्या सवलतीच्या मुळाशी त्यांचे हरणे आहे; त्याच हरण्यावर तुझे घरही चालते, हे विसरू नकोस."

"विसरत नाही," तो खालच्या आवाजात म्हणाला. "म्हणूनच मुलांनी माझ्या नशिबावर अवलंबून राहू नये असे वाटते."

माझे मत असे आहे, आणि ते मी त्या कंपनीलाही कळवणार आहे, की एखादी प्राप्ती करास पात्र नाही याचा अर्थ ती अस्तित्वातच नाही असा करणे अन्यायाचे आहे. बँकेच्या सात वर्षांच्या नोंदी हाही दाखलाच होय, आणि त्या न वाचताच बाजूला सारणे म्हणजे त्या दोन मुलांना मोजणीतून वगळणे आहे.

त्याने पेन उचलून रकान्यात स्वच्छ अक्षरांत लिहिले : घोड्यांच्या शर्यतींवर पैजा लावणे.

"नाकारतील," मी म्हणालो.

"नाकारू देत. पण कारण लेखी मागा."

मी अर्जाखाली सल्लागार म्हणून सही केली, आणि त्याच्या सातही वह्या नकलांसाठी ठेवून घेतल्या.