श्रेयांकाचा जामीनदार

एम.एस्सी. पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या सत्रात आता ‘ओजेटी’ असते. कागदावर तिचं नाव कार्यप्रशिक्षण. चार श्रेयांक, म्हणजे 120 तास काम, शेवटी अहवाल आणि तोंडी परीक्षा. गेल्या मे महिन्यात अशाच एका तोंडीला करवीर तालुक्यातला एक मुलगा माझ्यासमोर बसला होता. स्पायरल बाइंडिंगचा अहवाल, पहिल्या पानावर एका कारखान्याचा शिक्का, मागे हजेरीचा तक्ता. सगळं रीतसर. एका आकृतीवर बोट ठेवून मी विचारलं, हे यंत्र कशासाठी वापरतात? तो गप्प. दुसरा प्रश्न, पुन्हा गप्प. मग खाली बघतच म्हणाला, “सर, तिथं आठ दिवसच गेलो. घरी सीझन होता.”

घरी गुऱ्हाळ. म्हटलं, मग त्याचंच सांग.

बोलायला लागला तो वीस मिनिटं थांबला नाही. रस काहिलीत तापायला लागला की मळी कधी वर येते, ती धरायला भेंडीचा चीक कधी घालायचा, चुना किती. तोडलेला ऊस दोन-तीन दिवस पडून राहिला की गूळ का धरत नाही. खारवट रानातल्या उसाचा गूळ टिकत का नाही. पिवळ्या रंगासाठी हायड्रॉस टाकतात, ती त्याच्या चुलत्यांनी का बंद केली आणि त्यापायी दर किती पडला. ऊस पडून राहिला की साखर फुटते, ग्लुकोज-फ्रुक्टोज वाढतं आणि गूळ घट्ट बसत नाही, हे मी दरवर्षी शिकवतो. त्याने ते फळ्यावरही पाहिलं होतं आणि काहिलीतही. मी फक्त फळ्यावर.

त्याला चार श्रेयांक मिळाले. नोंद मात्र झाली ती कारखान्यातल्या 120 तासांची. गुऱ्हाळावरचे चार महिने कुठल्याच रकान्यात बसले नाहीत. खाली सही माझी आहे. ती मला अजून टोचते.

इंग्रजीत क्रेडिट हा एकच शब्द आहे. मराठीत त्याचे दोन वाटे होतात, श्रेय आणि पत. श्रेय झालेल्या कामाचं असतं, पत पुढच्या व्यवहाराची. विद्यापीठांनी श्रेय उचललं आणि श्रेयांक केला. मग 2021 च्या जुलैमध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने श्रेयांकांची बँक काढली, म्हणजे पतही आली. विद्यार्थ्याच्या खात्यात श्रेयांक साठतात, एका संस्थेतून दुसरीकडे जातात, साधारण सात वर्षांपर्यंत वापरता येतात. पतसंस्थांच्या या मुलखात बँक कशी चालते हे कुणाला समजावून सांगायला नको. कर्जाच्या अर्जावर आपण काय काय लिहिलंय हे नंतर बघतात. आधी विचारतात, जामीनदार कोण? श्रेयांकाच्या बाबतीत हा प्रश्न विचारायचं राहून गेलं आहे.

त्याचं कारण या मापाच्या जन्मात आहे. 1905 साली अँड्र्यू कार्नेगी यांनी अमेरिकेतल्या कॉलेज शिक्षकांच्या पेन्शनसाठी एक कोटी डॉलर देऊन एक प्रतिष्ठान काढलं. पेन्शन द्यायची तर खरं कॉलेज कोणतं हे ठरवायला हवं, आणि ते ठरवायला तिथे प्रवेश घेणारा मुलगा शाळेत किती शिकून आला हे मोजायला हवं. त्यातून ‘कार्नेगी युनिट’ निघालं. एका विषयाचे वर्षभरात सुमारे 120 तास म्हणजे एक युनिट. पुढे 1910 मध्ये मॉरिस कुक या अभियंत्याने त्याच प्रतिष्ठानसाठी अहवाल लिहिला आणि कारखान्यातल्या उत्पादनाप्रमाणे कॉलेजातलं काम ‘विद्यार्थी-तासां’त मोजायला सुचवलं. म्हणजे हे माप हिशेबनीसाच्या वहीत जन्मलं. विद्यार्थ्याला काय आलं, हे मोजण्याचा दावा त्याने तेव्हाही केला नव्हता.

आपण ते तसंच घेतलं. व्याख्यानाचे 15 तास म्हणजे एक श्रेयांक. प्रॅक्टिकल, क्षेत्रप्रकल्प किंवा ओजेटीचे 30 तास म्हणजे एक. 2023 च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने वर्षाला 1200 तास आणि 40 श्रेयांक धरले. म्हणजे एका श्रेयांकामागे 30 तास, ज्यांत वर्गाबाहेरचा अभ्यासही आला. तीन वर्षांच्या पदवीला किमान 120 श्रेयांक, चार वर्षांच्या पदवीला 160. आकडे एकमेकांशी नीट जुळतात. पण व्याख्यानाच्या श्रेयांकातले वर्गातले 15 तास हजेरीपत्रकावर दिसतात आणि उरलेले 15 कुणीच बघत नाही. ते झाले असं गृहीत धरायचं. पहाटे दूध घालून, सकाळची एसटी धरून कॉलेजला येणाऱ्या आणि संध्याकाळी पुन्हा वैरणीला जाणाऱ्या मुलीचे ते 15 तास कुठे असतात?

म्हणून तासच काढून टाका, असं म्हणणारे आहेत. मी त्यांच्यातला नाही. कार्नेगी प्रतिष्ठानाने 2015 मध्ये या मापाची स्वतःच पुन्हा तपासणी केली. त्यातून शिकणं मोजलं जात नाही हे मान्य केलं, पण किमान इतका वेळ शिकवलंच जाईल ही हमी गरीब विद्यार्थ्याला त्यातूनच मिळते, म्हणून ते घाईने मोडू नये असंही म्हटलं. मला हे पुरेपूर पटतं. उद्या तासाची सक्ती गेली तर शहरातल्या मोठ्या कॉलेजचे तास कमी होणार नाहीत. ते आधी कमी होतील गगनबावड्यात, चंदगडात, जिथे एका विषयाला एकच शिक्षक आहे. तास ही त्या मुलांची हक्काची वस्तू आहे.

श्रेयांकांच्या बँकेबद्दलही माझी तक्रार नाही. उलट लग्न ठरलं म्हणून दुसऱ्या वर्षाला शिक्षण सुटलेल्या विद्यार्थिनी मी पाहिल्या आहेत. चार वर्षांनी मूल कडेवर घेऊन त्या चौकशीला येतात, तेव्हा खिडकीतून उत्तर मिळतं: सिलॅबस बदलला, पहिल्यापासून करा. अशा एका जरी मुलीचे जुने श्रेयांक कुणी बिनतक्रार मोजून घेतले तरी ही बँक काढल्याचं सार्थक झालं.

माझं म्हणणं जामीनदाराबद्दल आहे. श्रेयांकाला किंमत येते ती कुणीतरी त्या विद्यार्थ्याचं काम पाहिलं, त्याला उलटसुलट विचारलं आणि मग स्वतःच्या नावावर सांगितलं की याला हे येतं, यामुळे. हे करायला शिक्षकाकडे वेळ असावा लागतो. आणि आपल्या कॉलेजांतले कितीतरी तास आज ‘सीएचबी’वर, म्हणजे तासिका तत्त्वावर नेमलेले शिक्षक घेतात. त्यांना मानधन मिळतं ते वर्गात उभं राहिलेल्या तासाचं. अहवाल वाचायचा, गुऱ्हाळावर किंवा फाउंड्रीत जाऊन मुलगा खरंच काय करतो ते बघायचं, याचा तास धरला जात नाही. शिक्षकांच्या पेन्शनच्या सोयीसाठी जे माप निघालं, त्याच मापाने पेन्शन तर सोडाच, पुढच्या जूनची खात्री नसलेला शिक्षक आपण तयार केला. त्याने कुणाला जामीन राहायचं, आणि कशाच्या बळावर?

या भागाला काम आणि शिक्षण यांची सांगड नवी नाही. कोल्हापुरात शिकलेल्या आणि शाहू महाराजांचा प्रभाव घेऊन निघालेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1947 मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं ते ‘कमवा आणि शिका’च्या पायावर. शिवाजी विद्यापीठातही ही योजना वर्षानुवर्षं चालली आहे. मुलांच्या घामाने फी आणि जेवण भागलं, पण तो घाम गुणपत्रिकेत कधी आला नाही. आता अनुभवाचेही श्रेयांक मोजायची वाट नव्या आराखड्याने ठेवली आहे. पण सावधपणे जायला हवं. रोज तीच माती उपसणारा मुलगा पहिल्या आठवड्यात जे शिकतो ते शिकतो. पुढचे महिने फक्त कष्ट असतात. कष्टाची मजुरी द्यावी, आणि पुरेशी द्यावी. श्रेयांक द्यायचा तो विचारलेल्या प्रश्नाला दिलेल्या उत्तराचा. कुठे कष्ट संपले आणि कुठे शिकणं सुरू झालं हे फॉर्म सांगू शकत नाही. ते समोर बसलेल्या माणसालाच कळतं, आणि तेही त्याला त्या कामातलं कळत असेल तर.

त्या मुलाच्या बाबतीत मला कळत नव्हतं. साखरेच्या विघटनाबद्दल मी त्याला खोलात विचारू शकलो. पाक उतरवायची वेळ झाली हे कशावरून ओळखतोस, याचं त्याने दिलेलं उत्तर बरोबर की चूक हे मला सांगता आलं नसतं. ते सांगू शकणारा त्यांच्याच गुऱ्हाळावरचा गुळव्या आहे. पाकाचा थेंब पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळून बघतो आणि काहील उतरवायला सांगतो.

यंदा सीझन सुरू झाला की त्या गुऱ्हाळावर एक अख्खं आदण बघायला जाणार आहे. मेमधल्या तोंडीला त्या गुळव्याला माझ्या शेजारी बसवायची परवानगी मी लेखी मागितली आहे, त्याच्या भत्त्यासह. अर्ज अजून टेबलावर आहे.